पुढचा चेंडू पडण्याआधी प्रशिक्षकाला उत्तर मिळाले पाहिजे

प्रति,
मा. संपादक,

विषय : शालेय सॉफ्टबॉलमधील इंटरफिअरन्सचे (रनरने क्षेत्ररक्षकाच्या खेळात अडथळा आणण्याचे) निर्णय

महोदय,

शालेय क्रीडा स्पर्धा सुरू झाल्या की आपल्या अंकात निकाल येतात, जिंकलेल्या संघांचे फोटो येतात. पंच आणि प्रशिक्षक यांच्यात मैदानावर काय बोलणे होते, याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात क्रीडा शिक्षक आहे आणि मुलींचा सॉफ्टबॉल संघ घेऊन स्पर्धांना जातो, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात दुसऱ्या दोन शाळांचा सामना पाहत होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर रनर, म्हणजे फलंदाजी करणाऱ्या संघाच्या धावणाऱ्या मुली, होत्या. बॅटरने जमिनीलगत मारलेला चेंडू शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षक) उचलायला वाकली आणि दुसऱ्या बेसवरून निघालेली मुलगी तिच्यावर जाऊन आदळली. पंचांनी हात वर करून चेंडू डेड केला, म्हणजे खेळ तिथेच थांबवला, इंटरफिअरन्स देऊन त्या मुलीला बाद दिले. निर्णय बरोबर होता. तिचे सर आत आले आणि म्हणाले, "आमच्या पोट्टीनं मुद्दाम नाही केलं ना जी." उत्तर मिळाले, "निर्णय झाला, बाहेर व्हा."

त्या सरांचा प्रश्न चुकीचा होता, पण तो का पडला हे समजून घ्यायला हवे. आपल्याकडचे बहुतेक क्रीडा शिक्षक क्रिकेट आणि कबड्डी खेळत मोठे झाले. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाला अडवल्याबद्दल फलंदाज बाद व्हायचा तर ते मुद्दाम केलेले असावे लागते. सॉफ्टबॉलमध्ये बॅटने मारलेला चेंडू खेळणाऱ्या क्षेत्ररक्षकाला वाट देणे रनरचे काम आहे. हेतू बघितला जात नाही, धक्का लागलाच पाहिजे असेही नाही. चेंडू फेकलेला असेल, म्हणजे एका खेळाडूने दुसरीकडे थ्रो केलेला असेल, तर मात्र रनरने तो मुद्दाम अडवला का, हे पाहावे लागते. म्हणून "सर, चेंडू मारलेला होता, शॉर्टस्टॉप तो खेळत होती, इथे हेतूचा प्रश्न येत नाही" एवढ्या एका वाक्यात काम झाले असते. सर परत गेले असते, आणि तो नियम पुढच्या सरावात त्यांच्या मुलींपर्यंत पोहोचला असता.

खरी चूक यानंतर झाली. तिसऱ्या बेसवरची मुलगी टक्कर झाल्यानंतर होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, पोहोचली होती. इंटरफिअरन्स झाला त्या क्षणी चेंडू डेड होतो आणि बाकीच्या रनरना तोवर ज्या बेसला त्या लागलेल्या असतील तिथे परत जावे लागते. तिला तिसऱ्या बेसवर पाठवायला हवे होते, पण स्कोअररने धाव लिहिली. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे सर ते विचारायला निघाले, तोवर पंचांनी "प्ले बॉल" म्हटले आणि पिचरने चेंडू टाकला. धाव तशीच राहिली.

माझा आक्षेप या घाईला आहे. कोण कुणाच्या आड आले, चेंडू खेळण्याची खरी संधी होती का, हे पंचाने डोळ्यांनी पाहून ठरवायचे असते आणि त्यावर प्रोटेस्ट, म्हणजे निर्णयाविरुद्ध रीतसर तक्रार, चालत नाही. ते योग्यच आहे, नाहीतर एकही सामना संध्याकाळपर्यंत संपणार नाही. पण रनर कुठे ठेवायच्या, धाव धरायची की नाही, हा नियम लावण्याचा भाग आहे. तो चुकला तर संघाला प्रोटेस्टचा हक्क असतो, आणि तो पुढचा चेंडू टाकण्याआधीच बजावावा लागतो. पंचांनी प्रशिक्षकाला गप्प करून खेळ सुरू केला की तो हक्क तिथेच संपतो. खेड्यातल्या शिक्षकाला ही मुदत बहुधा माहीतही नसते. त्याला वाटते, सामना संपल्यावर टेबलाशी जाऊन बोलू.

आमच्या मुलींसाठी ही एक धाव लहान नसते. जिल्ह्यातून विभागाला आणि विभागातून राज्याला गेले की दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रश्न येतो, आणि पुढे शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचे स्वप्न असते. बापाची दोन-तीन एकर कोरडवाहू कपाशी, आणि पोरगी पहाटे काळ्या मातीच्या मैदानावर धावते, ती याच आशेवर.

उत्तर दिले की पंचाचा धाक जातो, असे काही ज्येष्ठ पंच नव्या पंचांना सांगतात. मला हे पटत नाही. मी पाहिलेल्या चांगल्या पंचांकडे दोनच वाक्ये असतात, मी काय पाहिले आणि म्हणून कोणता नियम लावला. तिसरे वाक्य ते बोलत नाहीत, हुज्जत वाढू देत नाहीत. आपल्या जागेवरून नीट दिसले नसेल तर निर्णय देणाराच पंच सहकाऱ्याला बाजूला घेऊन विचारतो. त्यात कमीपणा कसला?

आम्हा शिक्षकांकडूनही वागण्यात फरक पडायला हवा. आधी टाइम मागावा, ज्या पंचाने निर्णय दिला त्याच्याकडेच एकट्याने जावे, "असं कसं दिलं?" असे न म्हणता "सर, तुम्ही काय पाहिलं?" असे विचारावे. पालकांना दोरीच्या आत आणू नये. शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार पंचाने जरूर वापरावा, मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालये आणि जिल्हा संघटनांना माझी विनंती आहे. स्पर्धेच्या सकाळी पंच आणि शिक्षकांना अर्धा तास एकत्र बसवावे आणि इंटरफिअरन्स, ऑब्स्ट्रक्शन (क्षेत्ररक्षकाने रनरची वाट अडवणे) आणि प्रोटेस्टची मुदत एवढेच तीन विषय मैदानावर चालून दाखवावेत. इंटरफिअरन्सचा निर्णय दिल्यावर सगळ्या रनर कोणत्या बेसवर आहेत हे मुख्य पंचांनी मोठ्याने सांगावे, दोन्ही प्रशिक्षकांकडे एकदा पाहावे आणि मगच "प्ले बॉल" म्हणावे. याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत हे याच हंगामापासून सुरू करता येईल.

आपला,
एक क्रीडा शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ