पास नवा, टायर मात्र गुळगुळीत

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक शाखेचा शिल्प निदेशक म्हणून सत्तावीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो असून नेरुळला राहतो. माझी पुतणी नवी मुंबईतील एका विद्यापीठात शिकते, त्यामुळे तिथल्या आवारात माझे वरचेवर जाणे होते. गेल्या वर्षी जून महिन्यात, पाऊस सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असताना, ग्रंथालयासमोरच्या वळणावर एका विद्यार्थ्याची स्कूटर माझ्या डोळ्यांदेखत घसरली आणि रस्त्याच्या कडेला झाडलोट करणाऱ्या बाईंवर आदळली. बाईंचे मनगट मोडले. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण तो इतका घाबरला होता की त्याला बराच वेळ बोलताही येईना. त्याची स्कूटर उचलून उभी करताना मी सवयीने ती तपासली. मागच्या टायरची नक्षी मधल्या पट्ट्यात पार झिजून गेली होती आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला की थेट मुठीला टेकत होता. पुढच्या भागावर मात्र विद्यापीठाने त्याच वर्षी दिलेल्या वाहन पासाचे नवेकोरे स्टिकर होते. मुलाकडे वाहन परवाना होता, विमा होता, पीयूसी प्रमाणपत्रही मुदतीत होते. कागद सगळे बरोबर आणि गाडी तेवढी धोक्याची, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. व्यावसायिक वाहनाला, त्यात शैक्षणिक संस्थेची बसही आली, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते; खासगी स्कूटरचे ब्रेक मात्र या पंधरा वर्षांत कोणी एकदाही तपासावेत अशी सक्ती नाही. पीयूसी चाचणीत केवळ धुरातील प्रदूषकांचे प्रमाण पाहिले जाते, ब्रेक आणि टायर यांच्याशी तिचा काही संबंध नाही. त्यातून विद्यार्थ्यांच्या गाड्या बहुधा वडिलांनी किंवा थोरल्या भावाने वापरून दिलेल्या, नाहीतर जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात. पनवेल, उलवे, घणसोली अशा ठिकाणांहून रोज ये-जा करणारा मुलगा पेट्रोलचा खर्च कसाबसा भागवतो आणि सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यावर ढकलतो. त्याला मी दोष देत नाही. परंतु गाडीची अवस्था कुठेतरी, कोणीतरी, वर्षातून एकदा तरी डोळ्यांखालून घालायला हवी, आणि ते करण्याची संधी विद्यापीठाला दरवर्षी वाहन पास देताना आपोआप मिळत असते.

पहिल्या पावसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, ग्रीस आणि धूळ यांचा थर पहिल्या सरींबरोबर भिजतो आणि त्याची बुळबुळीत साय बनते. सलग जोराचा पाऊस होऊन ती वाहून जाईपर्यंतचे दिवस दुचाकीसाठी सर्वांत वाईट असतात. विद्यापीठांच्या आवारात झाडे भरपूर असतात, ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्या झाडांखाली गुलमोहराच्या पाकळ्यांचा आणि पाल्याचा चिखल होतो, पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरते आणि रंगवलेला झेब्रा पट्टा डांबरापेक्षा अधिक निसरडा होतो. टायरवरच्या खाचा चाकाखालचे पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर आणि मोटारीच्या टायरची १.६ मिलिमीटर खोल असलीच पाहिजे. हे पाहायला मेकॅनिक लागत नाही. टायरच्या बाजूवर लहान त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. त्यांच्या रेषेत खाचेच्या तळाशी एक उंचवटा असतो आणि टायर झिजत झिजत त्या उंचवट्याला भिडला की त्याचे आयुष्य संपले असे समजावे. त्याच बाजूवर चार आकडेही असतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शाबूत दिसणाऱ्या टायरचेही रबर वर्षानुवर्षे उन्हात राहून कडक होते आणि त्याची पकड कमी होते, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. ड्रम ब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत चाकापाशी एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपाशी पोहोचला की ब्रेक शू बदलायचे. हे काम काही शे रुपयांत होते.

वेगाविषयी आवारात फलक लावलेले असतात, ताशी वीस किलोमीटर. वीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर जाते आणि चाळीसच्या वेगाने अकरा मीटर. ब्रेक दाबल्यानंतर थांबायला लागणारे अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होते. आता बाहेरून येणारा विद्यार्थी पाम बीच मार्गावरून किंवा शीव-पनवेल महामार्गावरून आलेला असतो, त्याच्या नजरेला तो वेग सवयीचा झालेला असतो आणि प्रवेशद्वारातून आत शिरल्यावर चाळीसचा वेगही त्याला अगदी संथ वाटतो. हा दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही, तासाला उशीर झालेले प्राध्यापकही तसेच येतात. म्हणून केवळ फलकावर विसंबू नये. प्रवेशद्वारापासूनच रस्ता अरुंद भासेल अशी रचना करावी, वसतिगृह, उपाहारगृह आणि ग्रंथालय यांच्यासमोर उंचावलेले पादचारी पट्टे बांधावेत आणि गतिरोधकांवरचे शेवाळ दर आठवड्याला खरवडून काढावे.

आवारातील रस्ते खासगी आहेत, तिथे कायदा लागू होत नाही, असे मला एकदा ऐकवण्यात आले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील सार्वजनिक जागेची व्याख्या रस्ता कोणाच्या मालकीचा आहे हे पाहत नाही, लोकांना तिथे जाण्याचा हक्क आहे की नाही हे पाहते. आणि वाद बाजूला ठेवला तरी आपल्या आवारात कोणती गाडी आत घ्यायची हे ठरवण्यापासून विद्यापीठाला कोण अडवणार आहे?

ठाणे आणि नवी मुंबईतील सर्व विद्यापीठांना व महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, वाहन पास देण्याआधी प्रत्येक गाडी पाच मिनिटे तपासावी. टायर, दोन्ही ब्रेक, चेनचा ताण, दिवे, इंडिकेटर आणि दोन्ही आरसे एवढेच पाहायचे. आरसे काढून टाकण्याची जी पद्धत पडली आहे ती मला सर्वांत जास्त खटकते. ज्या विद्यापीठात यांत्रिकी अभियांत्रिकीचा विभाग आहे तिथले विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम सहज करू शकतील, आणि जिथे तो नाही तिथे जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची मदत मागता येईल. नापास झालेल्या गाडीच्या मालकाला दंड करू नये. पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि दुरुस्ती झाल्यावरच स्टिकर चिकटवावे. ज्याची खरोखर ऐपत नाही त्याला ब्रेक शूसाठी विद्यार्थी कल्याण निधीतून मदत मिळावी. हवा भरण्याचा एक कॉम्प्रेसर वाहनतळावर बसवला तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. शिवाय आयएसआय शिक्का असलेले हेल्मेट, तेही पट्टा बांधून, चालवणाऱ्याच्या आणि मागे बसणाऱ्याच्याही डोक्यावर असल्याखेरीज प्रवेशद्वारातून दुचाकी आत सोडू नये.

तपासणी मेअखेर व्हावी, म्हणजे पाऊस येण्यापूर्वी दुरुस्तीला वेळ मिळेल. ज्यांचे प्रवेश नंतर होतात त्यांची तपासणी पास देतानाच करता येईल. नेरुळ, बेलापूर, खारघर या भागातील कोणत्याही संस्थेने हे काम हाती घेतले तर दर शनिवारी सकाळी तीन तास मी विनामूल्य देईन. टायरची खोली मोजण्याचे माझे मापक आजही माझ्याकडे आहे आणि मुलांना ते वापरायला शिकवायला दहा मिनिटे पुरतात.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
नेरुळ, नवी मुंबई