कोकणात जुलै कोरडा कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संशोधक हिशेबासाठी जे संगणक प्रोग्रॅम, म्हणजे कोड, लिहितात त्यांविषयीचा कालच्या अंकातला लेख वाचला. ‘कोड हे नुसतं साधन, उत्तर बरोबर आलं की झालं’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते आहे. उत्तर बरोबर आलं हे ठरवायचं कशावरून?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या हाती एका सीनियरचा पावसाचा कोड आला. फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘सरांना दाखवलेली फायनल’ अशा अकरा फाइल्स. कुठली चालवायची हे कुठेही लिहिलेलं नाही. हवामान विभागाच्या ग्रिड डेटात, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा पाऊस दिलेला असतो त्यात, जिथे आकडा नसतो तिथे -९९९ असतं, समुद्रावरच्या चौकोनांतही तेच. कोडमध्ये कुणीतरी ‘ऋण आकडा आला तर शून्य धर’ अशी ओळ घालून ठेवलेली. कोकणच्या चौकटीत समुद्राचे चौकोन येतातच; ते सगळे बिनपावसाचे ठरले आणि सरासरी धाडकन खाली आली. माझं माहेर राजापूरचं. जुलैचा एवढासा पाऊस मला पटेना, म्हणून शोधत बसले. सहा महिने गेले. तोवर परिषदेला गोषवारा गेला होता, तो मागे घ्यावा लागला. तीन चौकोन घ्यायचे, एकात -९९९ टाकायचं, सरासरी हाताने काढून कोडच्या उत्तराशी ताडायची, एवढी एक टेस्ट असती तर चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. ‘आधी पेपर निघू दे, साफसफाई मग बघू’ हे मी तेव्हा रोज ऐकत होते.

हे फक्त विद्यार्थ्यांचंच होतं असं नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या सरकारी कर्जावरील निबंधात एक्सेलच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने ते पकडलं. ती आणि हिशेबातल्या बाकीच्या गफलती दुरुस्त केल्यावर जास्त कर्ज असलेल्या देशांचा सरासरी आर्थिक वाढदर उणे ०.१ वरून २.२ टक्क्यांवर गेला. हर्न्डनला हे जमलं, कारण लेखकांनी त्याला मूळ फाइल दिली. मी आजवर चार जणांकडे कोड मागितला. ‘विनंती केल्यास उपलब्ध’ असं चौघांच्याही पेपरात छापलेलं आहे. उत्तर एकाचंही नाही.

आणि एक. आपल्या अंकात ‘एका अभ्यासानुसार’ म्हणून बातम्या येतात, त्यात जर्नलचं नावसुद्धा नसतं. ते छापा, आणि डेटा व कोड खुला आहे की नाही तेही एका ओळीत सांगा.

आपली,
एक संशोधक वाचक, पुणे