आयात टायरचा खरा भाव बिलावर दिसू द्या : केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री, नवी दिल्ली

महोदय,

१२ जून २०२०च्या अधिसूचनेने कारचे नवे टायर आयातीच्या ‘मुक्त’ यादीतून ‘निर्बंधित’ यादीत गेले, म्हणजे आयातीला परवाना लागू लागला. तरीही सोलापूरच्या दुकानांत गिऱ्हाइकाचा प्रश्न तोच आहे: बाहेरचा घेऊ का इथलाच? नेहमीच्या मापात इथलाच घ्या, हे आमचे उत्तर. पण ते त्याला पटावे असा एकही आकडा बिलावर नसतो, म्हणून हे पत्र.

हिशेब बंदरापासून मांडू. भाडे-विम्यासह न्हावाशेवाला ४,००० रुपयांत पोचलेला टायर घ्या. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरले तर ४०० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे ४०. झाले ४,४४०. त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा एकात्मिक जीएसटी) ७९९, एकूण ५,२३९. आयजीएसटीची वजावट व्यापाऱ्याला पुढे मिळते, पण माल विकेपर्यंत पैसा अडकतो. बंदरातली हाताळणी, सोलापूरपर्यंतचे भाडे आणि नफा अजून यायचाच आहे. इथल्या एकट्या दुकानदाराला अख्खा कंटेनर झेपत नाही, म्हणून मधे एक-दोन हात वाढतात. (इथल्या टायरातही सगळे इथले नसते. देशाला लागते तितके नैसर्गिक रबर देशात पिकत नाही.)

समजा इथला टायर ६,५०० रुपयांना पडला आणि ४५,००० किलोमीटर गेला, तर किलोमीटरला साधारण साडेचौदा पैसे झाले. ९,००० रुपयांच्या आयात टायरला बरोबरी साधायला ६२,०००च्या पुढे पळावे लागेल. काही पळतातही. गोम अशी, की बरेच टायर झिजून संपत नाहीत, आधीच फुटतात.

२०५/५५ आर १६ मापात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, २०५ मिलिमीटर रुंदीच्या ५५ टक्के, जेमतेम ११३ मिलिमीटर असते. खड्ड्याच्या धारेवर आपटले की ती धार आणि रिम यांच्यात साइडवॉल चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि फुगा येतो. पंक्चर काढता येते ते फक्त नक्षीच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागात. फुगा आलेला टायर भंगारातच जातो. एका अॅक्सलवर दोन्ही टायर एकाच नक्षीचे हवेत. आयात टायरचा जोडीदार बाजारात नसला, तर एका फुग्यापायी दोन टायर घ्यावे लागतात आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

सदोष टायर बदलून मागण्याच्या दाव्याचेही तसेच. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, १.६ला ती संपली असे धरतात, म्हणजे वापरायची ६.४. कारखान्याचा दोष निघाला तेव्हा नक्षी मोजायच्या गेजवर ४.८ भरली, तर निम्मे आयुष्य शिल्लक, म्हणून गिऱ्हाइकाने निम्मे पैसे भरून नवा न्यायचा. इथल्या कंपन्यांचे दावे या पद्धतीने निकाली निघतात. आयातदार मधेच गायब झाला, तर गेज कुणाला दाखवायचे?

आता वय. साइडवॉलवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. जहाज, बंदर, गोदाम आणि मग आमच्याकडचा पत्र्याचा शेड. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने आणि ओझोनने रबर कडक होते, बारीक चिरा पडतात, ओल्या रस्त्यावर पकड सुटते. भरघोस सवलतीमागे पुष्कळदा हा जुना आठवडा असतो. कधी साइडवॉलवर डोंगर आणि हिमकणाची खूणही दिसते. म्हणजे टायर बहुधा बर्फाळ प्रदेशासाठी मऊ रबराचा, आणि सोलापुरात बर्फ पडतो तो उसाच्या रसात. असला टायर इथे भराभर झिजतो.

भारांकाचा, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याचा, घोळ वेगळाच. १९५/६५ आर १५ला बहुधा ९१ असतो, म्हणजे टायरमागे ६१५ किलो. त्याच रिमवर ८८चा बसवला तर ५६०. चार टायर मिळून २२० किलोंची क्षमता गेली, आणि बघणाऱ्याला फरक कळतही नाही.

आयएसआय खुणेची सक्ती आहे तशीच ठेवा. आयात परवान्यात मात्र एक अट घाला: दावे निकाली काढणाऱ्याचे नाव-पत्ता भारतातला हवा आणि तो विक्रेत्याला लेखी कळवलेला हवा. ग्राहक व्यवहार खात्याशी बोलून बिलावर माप, भारांक, वेगाचे अक्षर (टायर किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारे) आणि उत्पादनाचा आठवडा छापणे सक्तीचे करा. टायर बसवण्याआधी साइडवॉल वाचून हे टिपायला दोन मिनिटे पुरतात.

राहिली ती इथे न बनणारी मापे. त्यांच्यासाठी गाडी महिनोन्‌महिने स्टेपनीवर चालवली जाते, नाहीतर गुळगुळीत झालेला जुना टायर विकत घेतला जातो. कोणत्या मापाला किती नगांचा परवाना दिला, ही यादी मापवार संकेतस्थळावर टाका. देशात न बनणाऱ्या मापांचे दीडदोनशे नगांचे छोटे परवाने ठरलेल्या मुदतीत द्या, म्हणजे आम्हाला गिऱ्हाइकाला निदान तारीख तरी सांगता येईल.

आपले,
सोलापुरातील काही टायर विक्रेते आणि फिटर