काकूंच्या टाचांसाठी मलम

पंचवटी, नाशिक
डिसेंबर अखेर

प्रिय बाळ्या,

काकूंच्या टाचांना भेगा पडून रक्त येतं हे वाचून जीव कळवळला. मलमाची कृती सांगतोच, पण त्यांना शुगर आहे ना? मग खोल भेगेत घरचं काही घालू नकोस, आधी डॉक्टरांना पाय दाखव. हे मलम बाकीच्या कोरड्या कातडीला.

इकडे निफाडचा पारा उतरला की नानांचा मुक्काम बागेतच. थंडीने द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून पहाटे शेकोट्या पेटवायच्या, वेलींना पाणी सोडायचं. गार पाणी, वारा आणि वर शेकोटीची धग, हात कसे टिकणार? दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटं पेरापेराला चिरली होती. बोलले काहीच नाहीत. भाकरी कुस्करून चमच्याने खायला लागले तेव्हा आईच्या लक्षात आलं.

तेव्हापासून मी मलम करतो. 60 ग्रॅम तीळतेल, 40 ग्रॅम खोबरेल, 20 ग्रॅम मधमाशीचं मेण. वजनकाट्यावरच तोल. नुसतं खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं आणि डबीत खडा होतो, म्हणून तिळाचं जास्त. मेण 63 अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा थेट गॅसवर ठेवायची गरज नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात वाटी धर. गार ताटलीवर थेंब टाकून बोटाने बघ. घट्ट झालं तर थोडं तेल, पातळ झालं तर मेणाचा तुकडा. मेण काष्टौषधीच्या दुकानातून वास घेऊनच आण, मधाचा मंद वास आला पाहिजे. मला एकाने मेणबत्तीचं मेण दिलं होतं, ते घरी आल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी मी त्यात गुलाबपाणी घोटलं. लोण्यासारखं पांढरंशुभ्र झालं, आणि पंधरवड्यात झाकणाखाली बुरशी! नुसत्या तेल-मेणात बुरशीला जगायला पाणी नसतं, ते मीच घातलं होतं. बाजारच्या क्रीममध्ये पाण्यासोबत ते टिकवणारं द्रव्यही असतं. म्हणून डबी ठणठणीत कोरडी हवी, ओलं बोट आत जाता कामा नये. पाणी हवं ते कातडीवर. हे मलम कातडीला ओलावा देत नाही, असलेला उडू देत नाही. म्हणून रात्री पाय धुऊन टिपायचे आणि कातडी दमट असतानाच लावायचं. बोटांच्या बेचक्यात मात्र नको. वर सुती मोजे घाल, पण काकू फरशीवर घसरणार नाहीत एवढं बघ.

आईचा जीव अजून शतधौत घृतावर. भांडी बाजारातल्या तांब्याच्या परातीत तूप शंभरदा धुते, दुपारभर. हाताला फुलासारखं हलकं लागतं, तुपाचा वासही राहत नाही. पण त्यात पाणी उरतं, म्हणून थोडंच करून फ्रीजमध्ये ठेवतो.

दोन डब्या पाठवतोय, वर तारीख लिहिली आहे. तिळाची कुणाकुणाला ॲलर्जी असते, तेव्हा काकूंच्या कोपराच्या आत टिकलीएवढं लावून एक दिवस थांब.

काल रात्री नानांनी भाकरी हाताने मोडली आणि ठेच्याला लावून खाल्ली.

तुझाच,
अप्पा