तुझी टँकची कॅसेट

सांगली,
१४ डिसेंबर

प्रिय पप्या,

काल रात्री पावणेबाराला तुझा तो टँकचा व्हिडिओ गेम चालला. चित्रासकट, आवाजासकट, राउंड सुरू होताना वाजायच्या त्या सुरावटीसकट. घरात सगळे झोपलेले, म्हणून आवाज अगदी बारीक करून मी एकटाच पडद्यावरच्या त्या गरुडापुढं बसलो होतो. फोनच करणार होतो. पण फोनवर तू दोन मिनिटांत विषय तुझ्या सोसायटीच्या पार्किंगवर नेतोस, आणि मला जे सांगायचंय ते मध्ये कुणी बोललं तर माझ्या तोंडून निघायचं नाही. म्हणून पत्र. माझं अक्षर तुला सवयीचं आहे, पाच वर्षं माझ्या वहीतूनच उतरवलंयस लेका.

आधी दुरुस्तीचं सांगतो, मग ते दुसरं.

गेमच्या त्या डबीला आपण कार्ट्रिज कधी म्हटलंच नाही. आत ना टेप, ना चाकं, तरी कॅसेट. ही कॅसेट उघडली तेव्हा आत कृष्णामाईचा गाळ होता, वाळून पापडी झालेला. तो ब्रशनं झटकला तर खाली तळहाताएवढा बोर्ड आणि त्यावर दोन काळे टिपके, रस्त्याच्या कामातून डांबराचे थेंब उडावेत तसे. त्या टिपक्यांच्या पोटात चिपा असतात. एकीत गेमचा प्रोग्रॅम, १६ केबी. दुसरीत चित्रं, ८ केबी. टँक, विटांच्या भिंती, पाणी, झाडी, गरुड आणि ३५ राउंड, सगळं मिळून २४ केबी. तू रोज सकाळी ग्रुपवर जो सूर्योदय टाकतोस ना, तो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

खरं नाव 'बॅटल सिटी', जपानच्या नामको कंपनीनं १९८५ साली काढलेला. गंमत म्हणजे निन्टेन्डोच्या अमेरिकन मशीनसाठी तो काढलाच नाही. आपल्याकडं आला तो फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्याच जपानी मशीनच्या, नकलांमधून. फॅमिकॉम १९८३ चा, त्याच्या कॅसेटला ६० पिना; अमेरिकेत निघालेल्या मशीनच्या कॅसेटला ७२. आपले ते स्वस्तातले व्हिडिओ गेम सगळे ६० पिनांचे. आईनं हरभट रोडवरून आणलेल्या माझ्या डब्यावर निन्टेन्डो हे नाव कुठंच नव्हतं, तरी आत बसलेली अक्कल त्यांचीच.

पाण्यात बुडाली म्हणजे कॅसेट मेली असं नसतं. आतला प्रोग्रॅम चिप बनवतानाच तिच्यात कोरलेला असतो, तो पाण्यानं पुसत नाही. मरतात त्या पिना आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा. म्हणून इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, चिरंजिवांचा मऊ टूथब्रश घेतला (त्याला सांगितलेलं नाही), गाळ धुतला. मग मोबाइल रिपेअरिंगवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन दिवस गच्चीत सावलीला. पिनांवर हिरवं चढलं होतं, ते कानात घालायच्या काड्यांनी काढलं. शंभरेक काड्या गेल्या असतील. सुरुवातीला एका दुसऱ्या कॅसेटवर मी शाईचं खोडरबर चालवून पिनांवरचा मुलामाच उडवून ठेवलाय, त्यामुळं आता हात हलका झालाय.

एवढं करून लावली तर पडद्यावर चट्टेपट्टे! भिंतींच्या जागी कुणीतरी रांगोळी विस्कटावी तसे तुकडे, टँकचा पत्ता नाही. पण बटण दाबलं की गोळीचा आवाज बरोबर, आणि ते विस्कटलेलं काहीतरी डावी-उजवीकडं बरोबर सरकायचं. तिथंच मला कळलं की प्रोग्रॅमची चिप धडधाकट आहे, भानगड चित्रांच्या चिपेची आहे. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक पिन आणि तिची रेघ तपासत बसलो. तिसऱ्या रात्री एका रेघेवर बीप वाजेना. भिंगातून पाहिलं तर तांब्याची रेघ केसाएवढी खाल्लेली. शेतीपंपाच्या मोटारी रिवायंडिंग करणारा आपला एक गडी आहे, त्याच्याकडून वीतभर बारीक तार आणली. "किती एचपीची मोटार?" म्हणाला. मी म्हटलं, "टँक आहे." तारेचं वार्निश ब्लेडनं खरवडलं, दोन टाके मारले. आणि मर्दा, भिंती उभ्या राहिल्या.

हो, फुंकरीचं राहिलं. कॅसेट नाही चालली की आपण तोंड लावून फुंकायचो, बासरी वाजवावी तशी. तुझी फुंकर लागते म्हणून शेजारची पोरं तुझ्याकडं कॅसेट घेऊन यायची, तू त्याचा रुबाबही केलास. तर त्या फुंकरीत काही नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा घातली की पिना घासून जागेवर बसायच्या, म्हणून चालायची. उलट तोंडाची वाफ लागून पिना काळ्या पडतात.

हा नाद कधीपासून, असं तू विचारशील. लॉकडाऊनपासून. पतसंस्थेचं काम अर्ध्या दिवसावर आलं आणि मी एकेक डबा उघडायला लागलो. आता वरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मिरजेच्या एका भंगारवाल्याकडं डीबी स्पेक्ट्रम प्लस मिळाला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ मध्ये परवाना घेऊन काढलेला सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरचा भारतीय अवतार, ४८ केबीचा. तो मी पहिल्याच दिवशी मारला. सगळ्या अडॅप्टरच्या मधल्या पिनेला प्लस असतं या समजुतीत मी होतो. स्पेक्ट्रमला मधे मायनस लागतं. धूर नाही, आवाज नाही, मशीन मुकं. व्होल्टेज बनवणारा एक ट्रान्झिस्टर गेला आणि जाता जाता रॅमच्या दोन चिपा घेऊन गेला. दोन महिन्यांनी पुन्हा बोलता केला. टेपरेकॉर्डरवरून गेम चढताना जी किरकिर होते आणि पडद्याच्या कडेनं निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावतात ना, ते पाचेक मिनिटं मी काही न करता नुसता बघत बसतो. ही म्हणते, आरतीला एवढा शांत उभा राहत नाहीस.

आणि बीबीसी मायक्रो, तोही ब्रिटिश कॉम्प्युटर! १९८४ मध्ये सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा कॉम्प्युटर साक्षरतेचा प्रकल्प काढला, त्यात ही मशीनं देशभरातल्या शाळांना मिळाली होती. एका शाळेच्या अडगळीतून रद्दीच्या भावात माझ्याकडं एक आलं. सुरू झालं की 'टूं-बीप' असा दुहेरी आवाज येतो, तो आला आणि मी खालपर्यंत ओरडून सांगितलं. दहा मिनिटांनी मशीननं धूर सोडला. तसला वास मी जन्मात घेतला नव्हता, जळकी मच्छी आणि डांबर. यांच्या पॉवर सप्लायमध्ये पिवळट पारदर्शक कवचाचा एक कपॅसिटर असतो, आतला कागद वर्षानुवर्षं कवचाच्या तड्यांतून ओल पितो आणि वीज मिळाली की फुटतो. जगभर हे मशीन जमवणाऱ्यांना हे ठाऊक आहे, फक्त मला नव्हतं. चाळीस रुपयांचा नवा कपॅसिटर टाकला, मशीन ठणठणीत. पडदे मात्र दोनदा धुवावे लागले, आणि तेव्हापासून ही वरच्या खोलीत चहा आणून देत नाही, जिन्यातूनच हाक मारते.

एका बाबतीत मात्र माझं या क्षेत्रातल्या लोकांशी जमत नाही. जुनं प्लॅस्टिक पिवळं पडतं, ते पांढरं करायचं लोकांना वेड आहे. पार्लरच्या सामानाच्या दुकानात १२ टक्के पेरॉक्साइडचं क्रीम मिळतं, ते चोपडून, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवायचं. मी केलं एकदा. एप्रिलचं सांगलीचं ऊन, क्रीम जागोजागी वाळलं, आणि मशीनवर कोड फुटल्यासारखे पट्टे उठले. नीट केलं तरी पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो. ही म्हणाली, "आईंच्या इरकलीला ब्लीच लावशील का?" त्या दिवसापासून क्रीम बंद. वस्तू चालली पाहिजे, एवढंच माझं. वापरून झालेला रंग वापरून झालेलाच असू दे.

म्हणूनच तुझ्या कॅसेटच्या मागं कर्कटकानं कोरलेलं 'प. पा.' मी घासलेलं नाही.

आता ते दुसरं.

१९९५ च्या मे महिन्यात ही कॅसेट हरवली नव्हती. तासगावला मामाकडं जाताना एस्टीत राहिली, असं मी तुला सांगितलं. तू मला घेऊन स्टँडवर आलास. चौकशीच्या खिडकीशी आपण उभे, तू रडकुंडीला आलेला, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून. आणि कॅसेट घरी फटाक्यांच्या रिकाम्या डब्यात. अण्णांनी तुला त्या दिवशी पट्ट्यानं मारलं, हे मला दुसऱ्या दिवशी तुझ्या पोटऱ्या बघून कळलं. तेव्हाही मी बोललो नाही. का ठेवली म्हणशील, तर मला ती हवी होती, बाकी काही नाही. पण चोरलेली कॅसेट लपवायची तर ती खेळता येत नाही. तू रोज माझ्याच घरी खेळायला यायचास. त्या डब्यातून ती मी एकदाही बाहेर काढली नाही.

२००५ च्या पुरात डबा माळ्यावर होता, वाचला. पुढं रंगकामात खाली आला आणि कपाटाच्या तळात राहिला. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातलं आमचं घर किती बुडालं ते तू पाहिलंयस. पाणी ओसरल्यावर पुण्याहून पिकअप भरून पिण्याचं पाणी आणि ब्लीचिंग पावडर घेऊन तूच पहिला आलास. दोन दिवस माझ्याबरोबर गाळ उपसलास. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या फावड्याला एक गंजका डबा लागला. तू विचारलंस, "हे काय रे?" मी म्हटलं, "फटाके असतील, टाक तिकडं." तू उचलून कोपऱ्यात ठेवलास, टाकला नाहीस. त्या क्षणी सांगायला पाहिजे होतं. तुझ्या अंगावर गुडघ्यापर्यंत आमच्या घरातला चिखल होता आणि मी फटाके म्हणालो.

२०२१ ला पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा मी सातबारा आणि बँकेच्या पासबुकांच्या आधी तो डबा वर नेला. ही बघतच राहिली.

अण्णांना सांगायचं राहूनच गेलं. तुला सांगायला मी सहा वेळा तरी ठरवलं, आणि दर वेळी वाटायचं, निदान चालती करून द्यावी. यातही थोडी लबाडी आहे, हे मला कळतं. दुरुस्ती होईना तोवर सांगायचं टळत होतं.

काल काय झालं सांगतो. गेम लागला, तशी मी खेळायचं सोडून मैदान बनवायच्या पानावर गेलो. तू तिथं गरुडाभोवती विटांचा 'प' काढायचास आणि मला आत येऊ द्यायचा नाहीस. मी चुकून मारल्यासारखं करून तुला गोळी मारायचो, तुझा टँक जागेवर लुकलुकत थिजायचा, तू शिव्या द्यायचास. काल मी तो 'प' काढला. काना जरा वाकडा आला. या कॅसेटमध्ये बॅटरी नाही, काढलेलं काही साठत नाही, मशीन बंद केलं की पुसलं. म्हणून बंद करायला हात होईना. साडेबाराला अडॅप्टर हाताला चटका देण्याइतका तापला, तेव्हा केलं बंद.

शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण इथं येऊन दे. संक्रांतीला सुट्टी जोडून ये. मी टीव्हीच्या मेकॅनिककडून चौदा इंची जुना डबा टीव्ही मिळवलाय, काचेच्या नळीचा. बदकं मारायची बंदूक असल्याच टीव्हीवर चालते. नळीच्या टीव्हीवर घोडा दाबल्यादाबल्या पडदा काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो टिपतो. हल्लीचे चपटे टीव्ही तो उशिरा दाखवतात. चिरंजीव त्यात मला रोज हरवतो. भडंग आणून ठेवतो, हरिपूरला संगमावर जाऊन येऊ.

येताना एक काम कर. माझ्या मशीनची दुसरी जॉयस्टिक, लाल बटणांची, ती तू पुण्याला शिफ्ट होताना चुकून तुमच्या सामानात गेली होती. चुकून म्हणतो मी. काकूंना विचार, माळ्यावर असेल. वायर उंदरांनी खाल्ली असली तरी आण, ती मी जोडीन. दोघांनी खेळायला तेवढीच कमी आहे.

यायला जमत नसेल तर कळव, कॅसेट कुरिअरनं पाठवतो. आधी कोरडी ठेव, हळू बसव. आणि नाही चालली तर काढून परत घाल. फुंकू नकोस.

तुझा,
बाळ्या