उशीतला राक्षस

मा. संपादक,

कालच्या पुरवणीत घरातल्या धुळीवरच्या लेखासोबत धुळीतल्या किड्याचा अर्ध्या पानाचा फोटो छापल्याबद्दल आभार. आमचा सहा वर्षांचा नातू तेव्हापासून उशीवर डोके टेकायला तयार नाही. हा किडा जेमतेम पाव-एक मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. तुमच्या पानावर तो मांजराएवढा झालाय, आणि किती पट मोठा करून छापला आहे हे सांगायला कुणाला सुचले नाही.

‘‘आजोबा, हा चावतो?’’ नाही म्हटले. ‘‘मग काय करतो?’’ इथे मी खरे बोलण्याची चूक केली. म्हटले, आपल्या अंगाचा गळलेला कोंडा खातो, आणि त्याची शी नाकात गेली की काही जणांना शिंका येतात, दम लागतो. त्यावर चिरंजीव: ‘‘म्हणजे मी शीवर झोपतो?’’ रात्रीचे पावणेबारा वाजले होते. तुमच्या लेखकमहाशयांकडे याचे उत्तर असल्यास जरूर कळवावे.

मी स्वतः वीसेक वर्षे रोज सकाळी शिंकतो आहे, म्हणून थोडे बोलतो. ‘धूळ म्हणजे ऐंशी टक्के आपलीच त्वचा’ हे वाक्य या पुरवणीतून त्या पुरवणीत उड्या मारत फिरते. चपलांबरोबर आलेली माती, कपड्यांचे तंतू, काजळी, परागकण यांनी काय घोडे मारले आहे? दर घरी हे मिश्रण निराळे असते. बरे, किड्याचा आणि दम्याचा संबंध म्हणजे जणू कालचाच शोध! नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी तो १९६४ सालीच दाखवला होता.

उरलेला लेख हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा. असेच काहीसे तुमच्याच अंकात वाचून मी ते घेतले. धूर किंवा मांजराच्या अंगावरचे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, तिथे त्याचा उपयोग आहे. पण किड्यांच्या विष्ठेचे कण जड. गादी हलली की उडतात आणि थोड्याच वेळात पुन्हा खाली बसतात. तेव्हा ते यंत्र कोपऱ्यात घरघरते, मी पलंगावर शिंकतो. फरक पडला तो चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुतल्यावर आणि उशीला घट्ट विणीची खोळ घातल्यावर. लेखात याला एक ओळ, तीही शेवटी. उलट चौकटीत सल्ला काय, तर ‘उशा रोज झटकाव्यात’! कुठे, हे सांगितलेले नाही. झोपायच्या खोलीत झटकल्या तर सगळे नाकातच. कोरड्या झाडूचेही तेच, त्याने धूळ फक्त जागा बदलते. ओले फडके हा शब्द लेखात मला दोनदा वाचूनही सापडला नाही.

पुढच्या वेळी फोटोखाली मोजमाप छापावे, एवढीच विनंती. नातू सध्या माझ्या दंडावर डोके ठेवून झोपतो. दंडाला मुंग्या येतात.

आपला,
एक शिंकरा वाचक

ता. क. मागच्या रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तर अजून आलेले नाही. आडवा सातवा शब्द चार अक्षरी असूच शकत नाही.