दारावरचं नाव

रॉम्नी मार्श, केंट
७ जून

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आज मृग लागला. पाऊस आला का विचारायला फोन केला, तेव्हाच हे सगळं सांगायचं ठरवलं होतं. बाबा ‘जेवलीस गो?’ म्हणाले आणि माझा धीर सुटला. म्हणून लिहिते आहे. आई, पत्र तू वाच आणि बाबांना ऐकव. मधे थांबावंसं वाटलं तर थांबा, चहा घ्या. पण शेवटपर्यंत वाचा.

गेली सहा वर्षं मी तुम्हाला सांगत आले की मी हॉटेलात मॅनेजर आहे. ते हॉटेल नाही, पब आहे. खाली लोक जेवायला आणि दारू प्यायला येतात, वरच्या मजल्यावर मी राहते. व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे दिसते ती पांढऱ्या फरशांची भिंत स्वयंपाकघराची आहे. फोन जरा वळवला असता तर बाटल्या दिसल्या असत्या, म्हणून सहा वर्षं मी त्याच कोपऱ्यात बसून तुमच्याशी बोलले. नानाकाकाला बैलगाडीतून घरी आणलं त्या रात्री मी नऊ वर्षांची होते, ओटीवरचा खांब धरून उभी होते. बाबा, त्याच वर्षी तुम्ही माळ घातलीत. त्या घरातली मुलगी मी. कुठल्या तोंडाने सांगणार होते?

आता सांगायलाच हवं, कारण जुने मालक थकले आणि मे महिन्यात मी पाच वर्षांचा करार केला. सही झाली आहे. १ जुलैपासून हा पब मी चालवणार. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण तुम्ही ‘नको’ म्हटलं असतंत तर तो शब्द मोडून माझ्याने सही झाली नसती. एवढंच खरं कारण. रागवा माझ्यावर, पण अबोला धरू नका.

घर कसं आहे ते सांगते, म्हणजे तुमच्या मनात भलतंसलतं काही येणार नाही. रॉम्नी मार्श म्हणजे आपलं खाजणच, फक्त फार मोठं. बांध घालून समुद्राकडून मिळवलेली सपाट जमीन, जागोजागी पाण्याचे चर आणि त्यांच्या मधे मेंढ्या. धुकं पडलं की मेंढ्या दिसत नाहीत, नुसत्या खोकताना ऐकू येतात, अगदी माणसासारख्या. या सगळ्याच्या कडेला चारशे वर्षांहून जुनं हे घर. ओकच्या तुळया इतक्या खाली की उंच माणसाला वाकूनच चालावं लागतं. आणि आई, भिंती कुडाच्या आहेत! काठ्या विणून त्यावर माती, गवत आणि शेणाचा गिलावा. पहिल्या वर्षी एका कोपऱ्याचा गिलावा पडला आणि आतल्या काठ्या दिसल्या. मी तिथे हात लावून कितीतरी वेळ उभी होते. आजीच्या मांगराची भिंत होती ती.

भीती वाटली का? वाटली. आज खोटं बोलणार नाही. मी आले ऑक्टोबरमध्ये. डिसेंबरमध्ये इथे चार वाजता अंधार पडतो. मालक ऑपरेशनसाठी गेले आणि तीन आठवडे रात्री घरात मी एकटी होते. तेव्हा तुम्हाला ‘सर्दी झालीय’ म्हणत होते ना, तो रडून बसलेला आवाज होता. जिन्याची तिसरी पायरी रात्री दोनच्या सुमारास वाजायची, कुणी पाय दिल्यासारखी. माझ्या खोलीची लोखंडी कडी आपोआप उचलली जायची. थंडीत लाकूड आक्रसतं, कडी सैल होते, हे आता मला माहीत आहे. पण शेकोटीजवळच्या बाकावर अधूनमधून तंबाखूच्या धुराचा वास येतो, त्याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. इंग्लंडमध्ये २००७ च्या जुलैपासून पबमध्ये कुणी विडी-सिगारेट ओढत नाही. आणि वरच्या शेवटच्या खोलीबद्दल गावातले सगळे एकच सांगतात: तिथे एक मुलगी दिसते, भर उन्हाळ्यात पांघरूण लपेटून कुडकुडत बसलेली.

बाबा, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तुम्हीच आठवलात. तुमची ती खाकी पिशवी, काचपट्ट्या, सुई, स्पिरिटचा कापूस. भर वैशाखात गोधडीखाली कुडकुडणाऱ्या माणसाला बघून घरचे म्हणायचे, बाहेरचं लागलंय, आणि तुम्ही म्हणायचात, ‘बाहेरचं नाही, डासाचं लागलंय. बोट पुढे कर.’ मी शोधून वाचलं. या दलदलीत कित्येक शतकं हिवताप होता. हो, इंग्लंडात! ‘एग्यू’ म्हणायचे त्याला. इथल्या चर्चमध्ये जन्मापेक्षा मरणाच्या नोंदी जास्त व्हायच्या. बाहेरून नोकरीला आलेले पाद्रीसुद्धा इथे राहायला घाबरायचे, लांब उंचावरच्या गावात राहून ये-जा करायचे. पुढे चर खोदून पाण्याचा निचरा झाला, घरं सुधारली, क्विनाइन मिळू लागलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो जवळजवळ गेला. माझ्या मनाने ठरवून टाकलं की ती मुलगी भूत नाही, तापाची रुग्ण आहे आणि तिच्या दारी कुणी मलेरियावाला वेळेत पोचला नाही. त्या रात्रीपासून त्या खोलीची भीती गेली. आता तिथे मी चादरी ठेवते, आणि जाताना ‘येते गं’ म्हणते.

तळघराची भीती मात्र जात नव्हती. तिथे एक विटांनी बुजवलेला दरवाजा आहे. त्यामागे चोरट्या व्यापाऱ्यांचं भुयार होतं म्हणतात. भुयार असो नसो, चोरटा व्यापार खरा होता. १७४० च्या सुमारास हॉकहर्स्ट गावची टोळी या भागात इतकी माजली होती की जवळच्या राय नावाच्या गावातल्या खानावळीत भरलेली पिस्तुलं टेबलावर ठेवून प्यायला बसायची. आणि माल कसला, तर ब्रँडीबरोबर चहा! आई, तू दिवसातून चारदा पितेस तो चहा. त्यावर ११९ टक्के कर झाला होता, म्हणून तो रात्रीचा होड्यांतून यायचा. १७८४ मध्ये कर साडेबारा टक्क्यांवर आला आणि चोरट्या चहात काही राम राहिला नाही.

एका रात्री तळघराच्या पायऱ्यांवर माझे पायच उचलेनात. तेव्हा आजी आठवली. दुसऱ्या दिवशी बसने ॲशफर्डला जाऊन नारळ आणला, तळघराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि आजीसारखंच हात जोडून गाऱ्हाणं घातलं. ‘बा राखणदारा म्हाराजा, मी परक्या गावची पोर हयसर पोटापाण्याक इलंय. चुकलामाकला सांभाळून घे, पाठीशी उभो ऱ्हव.’ ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कुणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. मालक परत आल्यावर घाबरत घाबरत हे त्यांना सांगितलं, तर ते मला शेकोटीपाशी घेऊन गेले. तुळईवर कंपासने कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल आणि मेणबत्तीने मुद्दाम दिलेले डाग त्यांनी दाखवले. वाईट काही आत येऊ नये म्हणून घर बांधणाऱ्यांनी केलेल्या खुणा आहेत त्या. धुराड्याच्या दुरुस्तीत लहान मुलाचा एकच जुना बूट सापडला होता, तोही त्याचसाठी भिंतीत ठेवलेला. अशा बुटांची नोंद नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात ठेवतात. मालकांनी बूट पुन्हा होता तिथे ठेवून भिंत बंद करून घेतली. राखणदार सगळीकडे असतो, बाबा. आजी म्हणायची ते खरं आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता तुम्हाला टोचेल ते लिहिते. दारू. तळघरात पिंपं असतात, एकेका छोट्या पिंपात नऊ गॅलन, म्हणजे एक्केचाळीस लिटर बिअर. ती आत जिवंत असते, यीस्ट काम करत असतं. बारा अंशांच्या आसपास ठेवायची, न हलवता गाळ खाली बसू द्यायचा, लाकडी खुंटीतून वायू हळूहळू सोडायचा, उघडल्यावर दोन-चार दिवसांत संपवायची. आई, तू आंबोळीच्या पिठावर झाकण ठेवून कान लावतेस ना, तसंच मी पिंपाला कान लावते. हे काम मला येतं आणि आवडतं. मी स्वतः पीत नाही. चव बघायला घोटभर तोंडात घ्यावी लागते, ती थुंकते. माळेची शपथ घालू नका, साधं सांगितलेलं खरं माना.

लायसन्ससाठी परीक्षा द्यावी लागली. चाळीस प्रश्न, अठ्ठावीस बरोबर आले की पास. माझे अडतीस आले. त्यात एक कलम आहे: जो आधीच नशेत आहे त्याला दारू विकणं हा इथे गुन्हा आहे. ते वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागलं. नानाकाकाला त्या रात्री शेवटचा ग्लास कुणीतरी भरून दिला होता. देणाऱ्याला काका पायावर उभे राहू शकत नव्हते हे दिसत होतंच की. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडचा एक म्हातारा, बायको गेल्यापासून रोज येणारा, तिसऱ्या पिंटसाठी काउंटरवर आला. मी नाही म्हटलं. तो चिडला, मला बोलला, मग रडला. मी त्याला चहा करून दिला आणि बॅटरी घेऊन धुक्यातून घरापर्यंत सोडून आले. दुसऱ्या दिवशी त्याने अंगणातल्या कोंबड्यांची अंडी आणून ठेवली. माझ्या हातून पैसे मिळतील न मिळतील, पण काउंटरच्या मागे ‘नाही’ म्हणणारं कुणीतरी उभं असेल.

जेवणाखाण्याची काळजी नको. तू दिलेलं आमसूल अजून आहे, उकड्या तांदळाची पेज सोमवारी करते, पब बंद असतो. इथल्या कोळ्याकडे बांगडा मिळतो, तिरफळं घालून करते. बाबा, वेगळ्या भांड्यात. खोलीत हीटर आहे, तुझी गोधडी आहे, खिडकीतून मेंढ्या दिसतात. तळघरात वायूचा अलार्म बसवलाय. रात्री आता एकटी नसते, स्वयंपाक करणारी बाई आणि तिची मुलगी मागच्या खोलीत राहायला आल्या आहेत.

चवथीला मात्र येता येणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबर इथला धंद्याचा काळ. सहा वर्षं ‘पुढच्या चवथीला’ म्हणत आले आणि आता हे. आई, माटवी बांधताना माझी आठवण काढून रडू नको, तुला तेव्हा दम लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत इथे शुकशुकाट असतो. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली की त्याच दिवशी कळव, मी तिकीट काढते. यंदा भराडीदेवीसमोर आपण तिघं उभे असू.

आणि आता नीट ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्यायची, बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. न्हाणीत धरायला दांडा बसवायला मी दादाला पैसे पाठवले आहेत, भिंतीला भोक पडेल म्हणून अडवू नका. विहिरीच्या पायऱ्यांवर आता शेवाळ धरेल, तिकडे जायचं नाही, पंप कशाला घेतला? माळ्यावर चढायचं नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. रात्री छातीत जरासं जरी वाटलं तरी आधी १०८, मग मला फोन. मी उठेन, कितीही वाजलेले असोत. आणि बाबा, पावसात अंगणातली करवंट्या-टायरं पालथी घाला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक राहिलं. पबच्या दारावर, चौकटीच्या वर, लायसन्स ज्याचं त्याचं नाव छोट्या अक्षरांत रंगवायची जुनी पद्धत आहे. रंगारी २५ तारखेला येणार आहे. लहानपणी फवारणी झाली की तुम्ही लोकांच्या दारांवर गेरूने तारीख आणि सही टाकायचात. तुमच्याबरोबर फिरताना मी प्रत्येक दारावर तुमचं नाव शोधायचे, वाचायला मी तिथेच शिकले. माझ्या नावात मधे तुमचं नाव आहे. ते दारूच्या दारावर लिहायचं की नाही, हे मी एकटीने ठरवणार नाही. बाकी सगळं एकटीने ठरवलं, हे नाही. माझं नाव आणि आडनाव यांच्यामधे एका शब्दाची जागा मोकळी सोडायला रंगाऱ्याला सांगितलं आहे. तुम्हाला नको असेल तर ती तशीच मोकळी राहील, मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही. रविवारी फोन करते.

तुमची,
बाय

ता. क. : आई, आता व्हिडिओ कॉल केलास की मी फोन सगळीकडे फिरवून दाखवीन. आधी शेकोटी, मग तुळईवरचं फूल, मग तळघराच्या उंबऱ्यावरचा नारळ. बाटल्यांच्या वेळी बाबांनी हवं तर पाणी प्यायला उठावं.